रविवारचा रस्सा आणि साखरेचा हिशोब

"डॉक्टर, मटण पूर्ण बंद केलं. आता तरी शुगर खाली येईल ना?"

हा प्रश्न मला नवा नाही. पण ज्या काकांमुळे आज लिहायला बसलोय ते एसटीतून निवृत्त झालेले चालक, मूळचे कोल्हापूरकडचे, वय ६३. रविवारचा रस्सा म्हणजे त्यांच्या आठवड्याचा कणा. डायबेटिस निघाला आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांनी मिळून पहिली कुऱ्हाड घातली ती त्या रश्शावर. तीन महिन्यांनी ते परत आले तेव्हा वजन दोन किलोनं उतरलं होतं, पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ८.४ वरून ८.९ वर गेली होती. मटणाऐवजी काय खाता, असं विचारल्यावर काकूंनी सांगितलं, "आमटी-भाकरी. पोट भरत नाही म्हणतात, म्हणून एक भाकरी वाढवलीय. आणि गुरुवार धरलाय, त्या दिवशी साबुदाणा."

मटणात साखर नसते, पिष्ट पदार्थही जवळजवळ नसतात. तरीही डायबेटिस म्हटलं की आपल्याकडे संशयाची सुई सगळ्यात आधी मटणाकडे का वळते? मी थोडं जुन्या ग्रंथांत डोकावून पाहिलं. मांस आणि मधुमेह यांचं नातं निदान दोन हजार वर्षांचं आहे आणि ते सरळ कधीच नव्हतं.

चरकांची यादी

चरकसंहितेत प्रमेहाची लक्षणं सांगताना रुग्णाच्या अंगाकडे आणि लघवीकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण आहे. कारणांची यादी वाचली तर आजच्या ओपीडीतल्या अर्ध्या केसेस डोळ्यांसमोर येतात. सुखानं बसून राहणं, सुखानं झोपणं, दही, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. आणि याच यादीत मांसाचे रसही आहेत. मात्र सरसकट सगळे नाहीत. गावात पाळलेल्या, पाण्यात राहणाऱ्या आणि पाणथळ भागात चरणाऱ्या प्राण्यांचे रस प्रमेह वाढवतात, असं तिथं म्हटलं आहे.

पुढे चिकित्सेच्या भागात त्याच प्रमेहाच्या रुग्णाला काय खायला द्यायचं ते येतं. मुख्य अन्न जव. आणि त्यासोबत 'जांगल', म्हणजे कोरड्या रानातल्या प्राण्या-पक्ष्यांचं मांस. पळणारं हरीण, ससा, तित्तिर, लावा. बसून खाणाऱ्या जनावराचा चरबीदार रस वाईट आणि रानात पळणाऱ्याचं कोरडं मांस चांगलं, असा तो भेद आहे. चरकांना प्रोटीन आणि फॅट ठाऊक होतं, असा दावा मी करणार नाही. तसले दावे व्हॉट्सअ‍ॅपवर पुरेसे फिरतात. पण 'मांस चांगलं की वाईट' हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यांचा प्रश्न होता, कुठलं मांस, कशासोबत आणि कुणाला.

'कुणाला' याचं उत्तर सुश्रुतांकडे जास्त स्पष्ट आहे. त्यांनी प्रमेहाचे दोन प्रकार केले. एक जन्मजात, ज्यातला रुग्ण कृश, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसरा अपथ्यामुळे झालेला, ज्यातला रुग्ण स्थूल, भरपूर खाणारा, अंथरूण आणि बैठक न सोडणारा. कृश माणसाला खाऊ-पिऊ घालून सांभाळायचं आणि स्थूल माणसाचं खाणं कमी करायचं, असा उपचार त्यांनी सांगितला. दुसऱ्याला चालायला लावायचं, अगदी विहीर खणायला लावायचं असाही सल्ला आहे. (माझ्या रुग्णांना मी रोज ४० मिनिटं चालायला सांगतो, तर तोंडं वाकडी होतात.) हा दोन प्रकारांतला फरक लक्षात ठेवा. पुढे तो विसरला गेला आणि त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

चरकसंहितेतला 'मांसरस' म्हणजे मांस पाण्यात शिजवून काढलेला पातळ रस. आजारातून उठलेल्याला, खंगलेल्याला तो देत. आपल्या रश्शातला 'रस' तोच. कोल्हापूर-सांगलीकडे मटण शिजवून वर जे पाणी निघतं त्याला अळणी म्हणतात आणि ताप उतरलेल्या पोराला आजी आधी वाटीभर तेच पाजते. हळद, जरासं मीठ, आलं-लसूण, मटणाचा अर्क. त्यात साखर वाढवणारं काही नाही.

बटाटा भांड्यात कसा आला

मग रश्शात पिष्ट आलं कुठून? यासाठी भांड्यात डोकावायला हवं.

११३० च्या सुमारास कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी माणसाला तो माहीत असतो तो ओवीमुळे, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा फार जुना उल्लेख त्यात आहे. पण त्याच ग्रंथात राजाच्या जेवणाचं मोठं प्रकरण आहे आणि त्यात मांस भाजायचे, उकडायचे, आंबट रसात शिजवायचे कितीतरी प्रकार आहेत. मसाला म्हणजे हिंग, मिरे, आलं, जिरं, सैंधव. आपण ज्यांच्याशिवाय रस्सा कल्पूच शकत नाही त्या लाल मिरचीचा, टोमॅटोचा आणि बटाट्याचा त्यात पत्ता नाही, कारण ही तिन्ही अमेरिका खंडातली पिकं. ती भारतात येणार होती पोर्तुगीज आल्यावर, म्हणजे १४९८ नंतर. बटाटा आणि टोमॅटो सर्वसामान्यांच्या घरात रुजायला तर त्यानंतरही कैक पिढ्या गेल्या.

बटाटा, काजू, पाव हे तिन्ही शब्द मराठीनं पोर्तुगीजांकडून घेतले. रश्शाच्या ताटातल्या पिष्टाचा बराचसा हिशोब या शब्दांतच लागतो.

सगळ्यात गमतीदार गोष्ट विंदालूची. पोर्तुगीज खलाशी मांस वाइन आणि लसणात मुरवून ठेवत. त्या प्रकाराच्या पोर्तुगीज नावात 'विन्या' आणि 'आल्यू' हे शब्द होते, पहिला वाइनशी जोडलेला आणि दुसरा म्हणजे लसूण. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा व्हिनेगर आला, मिरची आली, मसाले आले आणि नाव झालं विंदालू. गोव्यातल्या खऱ्या विंदालूत बटाटा नसतो. पण पदार्थ गोव्याबाहेर गेला, 'आल्यू'चा कानाला 'आलू' झाला आणि हॉटेलवाल्यांनी बटाटे टाकायला सुरुवात केली. एका ऐकण्यातल्या चुकीनं लो-कार्ब पदार्थाचा हाय-कार्ब पदार्थ केला! पुढच्या वेळी मेन्यूवर विंदालू दिसला तर त्यात बटाटा आहे का, एवढं जरूर विचारा.

आपल्या घरात मात्र बटाटा ऐकण्याच्या चुकीनं आला नाही. काकांनीच मला सांगितलं होतं: घरात आठ माणसं आणि मटण अर्धा किलो. आई त्यात चार बटाटे टाकायची आणि पाणी वाढवायची. पोरांना वाटायचं, ताटात फोड आली. बटाट्यानं मटण पुरवठ्याला आणलं. हे कारण भुकेचं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण आता घरात तीन माणसं आहेत, मटण पाऊण किलो येतं, आणि बटाटे तेच चार.

बटाट्याआधी मांसात भाजी घालत नसत असं मुळीच नाही. काश्मीरमध्ये रात्रभर मंद आंचेवर मांस आणि सलगम एकत्र शिजवायची जुनी रीत आहे, तिला शब देग म्हणतात. उत्तरेत दुधी घालून, पालक घालून गोश्त करतात. काश्मिरी पंडितांच्या रोगन जोशात कांदा-लसूणही नसतो. हिंग, बडीशेप, सुंठ आणि दह्यावर तो उभा राहतो. दुसऱ्या टोकाला गहू आणि मांस घोटून केलेला हलीम आहे, कणीक लावून दाट केलेली निहारी आहे. हेही तितकेच जुन्या घराण्यातले पदार्थ. म्हणजे 'भारतीय मटण' नावाची एकच गोष्ट नाही. साखरेच्या दृष्टीनं पाहायचं असेल तर प्रत्येक भांड्याला एकच प्रश्न विचारायचा: दाटपणा कशानं आणलाय? खोबरं, तीळ, खसखस, दही, शिजून विरघळलेला कांदा की पीठ आणि बटाटा?

कॅप्टनसाहेबांचं पथ्य

इकडे बटाटा आपल्या स्वयंपाकघरात शिरत होता त्याच काळात तिकडे इंग्लंडमध्ये मांस हे डायबेटिसचं औषध बनत होतं. लघवीतली गोडी साखरेमुळेच असते हे मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरनं १७७६ मध्ये दाखवलं होतं. वीस वर्षांनी, १७९६ मध्ये, ब्रिटिश तोफखान्याचे सर्जन जॉन रोलो यांच्याकडे मेरेडिथ नावाचा कॅप्टन आला. मूळचा चांगला जाडजूड, पण आता वजन घटलेलं, तहान आणि लघवी थांबत नव्हती. रोलो यांचा तर्क असा, की साखर वनस्पतीज अन्नातून पोटात तयार होते, तेव्हा वनस्पतीज अन्नच तोडावं. त्यांनी कॅप्टनला दूध, रक्त आणि चरबीचं पुडिंग, जुनं टिकवलेलं मांस आणि पोटाला सोसेल तेवढी खवट चरबी असं पथ्य दिलं. भूक मरावी म्हणून अफूसारखी औषधंही दिली.

तर्क अर्धाच बरोबर होता, पण कॅप्टनची लघवीतली साखर गेली. रोलो यांनी १७९७ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि पुढची सव्वाशे वर्षं डायबेटिसचं पथ्य म्हणजे पिष्ट तोडणं हे ठरून गेलं. रोलो यांचा दुसरा रुग्ण वयस्कर जनरल होता. त्याला हे पथ्य झेपलं नाही. मला त्याच्याबद्दल फार सहानुभूती वाटते. खवट चरबी आणि रक्ताचं पुडिंग किती दिवस खाणार? त्यांच्या शेजारी एखादी कोल्हापूरची मावशी असती तर त्याच मांसाचा अळणी आणि पांढरा रस्सा करून दिला असता आणि जनरल कदाचित टिकला असता. लो-कार्ब आहार दोनशे वर्षांपूर्वी जिथं अडखळला तिथंच आजही अडखळतो. तो शरीराला नको असतो म्हणून नाही, जिभेला तिसऱ्या आठवड्यात नको होतो म्हणून.

१८७० मध्ये जर्मन सैन्यानं पॅरिसला वेढा घातला, अन्नाची टंचाई झाली, तेव्हा बूशार्दा नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं की त्यांच्या डायबेटिसच्या रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झाली. नुसता प्रकार नव्हे, अन्नाचं प्रमाणही महत्त्वाचं, हे त्यातून पुढे आलं. रुग्णांनी कमी खावं आणि कष्ट करावेत असा त्यांचा आग्रह असे. त्याआधी १८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थानं पाव, बटाटे, साखर सोडून आपण कसे बारीक झालो याची पुस्तिका काढली होती. ती तडाखेबंद खपली. आज यूट्यूबवर जे चालतं त्याचा मूळपुरुष तोच.

आणि मग या इतिहासातलं सगळ्यात काळं पान. न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उपासमारीचं पथ्य आणलं. लघवीतली साखर जाईपर्यंत उपास, मग तोळ्या-माशानं अन्न. भाज्या तीनदा उकळून, दर वेळी पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातलं उरलंसुरलं पिष्टही जावं. रोलोंचा कॅप्टन जाड आणि प्रौढ होता. अ‍ॅलन यांच्याकडे येणारी मुलं सुश्रुतांच्या पहिल्या प्रकारातली, कृश, शरीरात इन्सुलिनच नसलेली. त्यांच्यासाठी याहून चांगला उपाय तेव्हा कुणाकडेच नव्हता, हे अ‍ॅलन यांच्या बाजूनं सांगायला हवं. मुलं थोडी जास्त जगत, पण अक्षरशः हाडांचा सापळा होऊन. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज पंधरा वर्षांची होत आली तेव्हा तिचं वजन जेमतेम २० किलो होतं.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथलाही ते सुरू झालं. ती जेवू लागली, वाढली, संसार केला आणि ७३ वर्षांची होऊन १९८१ मध्ये गेली. ती काही मांस खाऊन किंवा पाव सोडून वाचली नाही, इन्सुलिननं वाचली. टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलाचं इन्सुलिन बंद करून 'नुसत्या आहारावर' ठेवण्याचा सल्ला कुणी दिला, तर एलिझाबेथचं ते वजन आठवा.

भात परत आला

इन्सुलिन आल्यावर पथ्य सैल झालं. हळूहळू पाव, बटाटे, भात रुग्णाच्या ताटात परत आले. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. एम. विश्वनाथन यांनी भारतीय रुग्णांसाठी पिष्ट जास्त पण चोथाही भरपूर अशा आहाराचा पुरस्कार केला. भातावर वाढलेल्या माणसाला भात तोडायला लावण्यापेक्षा डाळी, भाज्या वाढवून साखर सांभाळता येते, हे त्यांचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं. अडचण अशी झाली की रुग्णांनी त्यातलं 'भात चालतो' एवढंच ऐकलं, चोथा कुणीच ऐकला नाही.

आज आपण कुठं आहोत? आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, भारतात डायबेटिसचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी साठ टक्क्यांहून जास्त पिष्टातून येतात. याच पाहणीवर आधारलेल्या २०२२ च्या एका अभ्यासात गणित मांडलं आहे, की नव्यानं निदान झालेल्यांनी पिष्टाचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणला आणि प्रोटीन १९-२० टक्क्यांपर्यंत नेलं तर साखर बरीच मागे हटू शकते. पाहा, त्यात कुणी शून्यावर जायला सांगितलेलं नाही. ताटातली एक-दीड भाकरी कमी आणि एक वाटी डाळ, अंडी, पनीर, मासे किंवा मटण जास्त, एवढाच तो बदल आहे.

काकांचं ताट

मी त्या दिवशी काकांच्या समोर कागदावर हिशोब मांडला. तोच इथं देतो. आकडे अंदाजे आहेत, घरच्या वजनकाट्यानं थोडे इकडे-तिकडे होतील.

चार माणसांसाठी अर्धा किलो हाडासकट मटण. त्यात पिष्ट जवळपास शून्य. दोन मध्यम कांदे, म्हणजे २०० ग्रॅम: १८ ते २० ग्रॅम पिष्ट. एक टोमॅटो: ४. आलं-लसूण मिळून ३० ग्रॅम: ७-८. सुकं खोबरं ३० ग्रॅम: ६-७. तीळ-खसखस दोन चमचे: २. झाले ४० ग्रॅम. चार माणसांत वाटले तर प्रत्येकी १०. यात दोन मोठे बटाटे टाकले की ४० ग्रॅम वाढले, म्हणजे माणशी १० चे २० झाले. आता ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण ४० ग्रॅम आणि वाटीभर भातात ४० ग्रॅम. काका रविवारी तीन भाकरी आणि वर थोडा भात खात. म्हणजे १६० ग्रॅम. सगळा दोष ज्या रश्शावर आला त्याचा वाटा होता १० चा.

मटण बंद केलं तेव्हा ते १० वाचवले आणि चौथ्या भाकरीनं ४० वाढवले.

करायची रीत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते, तरी दोन-चार गोष्टी. मटण घेतानाच खाटकाला वरची चरबी काढायला सांगा, आणि खांदा-मांडीचं घ्या. दोन चमचे तेलात थोडा कांदा, हळद, मीठ, आलं-लसणाची गोळी, त्यावर मटण परतून झाकणात पाणी ठेवायचं आणि तेच गरम पाणी हळूहळू आत सोडायचं. मऊ शिजलं की अळणी वेगळं काढा. जमलं तर आदल्या रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा थर धरतो, तो चमच्यानं काढून टाका. ही चरबी हृदयाला नको आहे आणि ती गेल्यानं चव जात नाही, कारण चव हाडात आणि मसाल्यात असते. मग कांदा-खोबरं भाजून, तीळ-खसखस घालून वाटण. रस्सा दाट करायला कणीक किंवा बटाटा नको, वाटण थोडं जास्त शिजू द्या. भाजी हवी तर दुधी, सलगम, नवलकोल घाला. नवलकोलाची फोड रश्शात शिजली की बटाट्याची आठवण येत नाही असं काकू म्हणतात. मला स्वतःला येते. कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतंच, वरून टाकताना हात आखडता ठेवा. आणि तर्री म्हणजे चव नव्हे, तेल.

रश्शासोबत एक भाकरी, कांदा-काकडी-मुळ्याची मोठी वाटी, आणि आधी वाटीभर अळणी. पोट तिथंच निम्मं भरतं.

इथपर्यंत सगळं छान. पण पुढचा प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

दीड महिन्यानं सकाळी अकराला काकूंचा फोन आला. काका बसस्टँडवर घामानं डबडबले होते, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. जवळच्या दवाखान्यात साखर तपासली तर ५२. झालं असं होतं, की पुतण्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि काकांनी भाकरी एकवर न थांबवता पूर्णच सोडली. मटण, अंडी, अळणी, बस. पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र आधीच्याच मात्रेत, रोज सकाळी चालू. मी त्यांना भाकरी कमी करायला सांगितलं होतं. भाकरी कमी झाली की गोळीही कमी करावी लागते आणि त्यासाठी मला फोन करा, हे मी सांगायला विसरलो होतो. चूक माझी.

म्हणून हे वाचून उद्यापासून भाकरी तोडायची असेल तर आधी औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर धोकादायक उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर पिष्ट एकदम शून्याकडे नेलं तर रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं, तेही साखर फार वाढलेली नसताना. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मटण किती खायचं हे किडनीच्या डॉक्टरांना विचारा. युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजणाऱ्यांनी अळणी आणि पायाचं सूप जपून. गरोदर बायकांनी आणि टाइप वन असलेल्यांनी स्वतःच्या मनानं काहीही बदलू नये.

काकांची गोळी निम्मी केली आणि एक भाकरी परत सुरू केली. गेल्या रविवारी जेवणानंतर दोन तासांनी त्यांनी घरच्या मीटरवर साखर तपासली आणि फोटो पाठवला: १५६. खाली काकूंचा निरोप होता, की पाहुणे येणार आहेत, आठ माणसं आहेत, मटण एक किलो आणलंय, तर बटाटे टाकू का? मी लिहिलं, पाहुण्यांच्या भांड्यात टाका, काकांचं आधी काढून ठेवा.